झड कुठून येते? हॅमॉकवरच्या लहान टार्पचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सुहास (नाव बदललं आहे) ठाण्याचा, वर्तकनगरला राहणारा. नोकरी बँकेत, चाळिशी उलटलेली, पाठीचं दुखणं जुनं. तंबूत जमिनीवर झोपून सकाळी वाकडं होऊन उठण्यापेक्षा झाडाला झोळी बांधून झोपलेलं बरं, असं ठरवून त्याने साधा हॅमॉक घेतला. दोन्ही टोकांना चुण्या घालून गोळा केलेलं ३ मीटर लांबीचं कापड, वेगळी मच्छरदाणी, आणि झाडाच्या सालीला काचणार नाहीत असे रुंद पट्टे. वरून छप्पर म्हणून घरात पडून असलेलं ३ × २ मीटरचं पॉलिस्टरचं टार्प. ते मुळात समुद्रकिनाऱ्यावर सावलीसाठी घेतलेलं होतं. आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर होता, त्यामुळे पाणी आरपार झिरपत नव्हतं.

जागेचा प्रश्न ठाणेकरांना नेहमीचाच. येऊर दाराशी आहे, पण तिथलं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं. रात्री जाऊन झाडाला हॅमॉक बांधावा अशी ती जागा नव्हे. म्हणून मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला असलेली मित्राची आमराई ठरली. कलमांच्या ओळी उत्तर-दक्षिण असल्याने हॅमॉकही उत्तर-दक्षिणच टांगला जायचा, म्हणजे एक कड मावळतीला आणि एक उगवतीला. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर फिरलं. मळा राखणारे बाबा तिथल्या खोलीत राहतात, त्यामुळे वेळ आलीच तर पक्कं छप्पर होतं. मी सुहासचा शेजारी. शिवणकामाला आणि बहुतेक चाचण्यांना हजर होतो.

अडचण

थंडीत सगळं झकास चाललं होतं. जूनच्या मध्याला पावसाने जोर धरल्यावर पहिल्याच मुक्कामात सुहास तिन्ही ठिकाणी भिजला: पाय, उजवी बाजू आणि पाठ. सकाळी त्याचं निदान तयार होतं, "टार्प लहान पडतंय." घरी आल्यावर दुप्पट आकाराच्या टार्पची शोधाशोध सुरू झाली. बायकोचंही मत तेच पडलं, "घेऊन टाक ना नवीन, रोज तेच काय ऐकायचं."

लहान तर ते होतंच. पण तीन ठिकाणचं पाणी तीन वेगळ्या वाटांनी आलेलं असू शकतं, आणि टार्प मोठं केल्याने त्यातली एखादीच वाट बंद होते. म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी पाणी शोधायचं ठरलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय हाच होता, आणि त्याला रद्दीखेरीज काही लागलं नाही.

पाण्याचा माग

पुढच्या मुक्कामात सुहास स्वतः हॅमॉकमध्ये शिरलाच नाही. त्याने वाळूच्या दोन लहान गोणी आत ठेवल्या, कारण वजन पडल्याशिवाय पट्टे ताणत नाहीत, झोळ नीट पडत नाही आणि मग पाण्याच्या वाटाही खऱ्या दिसत नाहीत. गोणींवरून आणि बाजूंनी वर्तमानपत्राचे कागद पसरले, प्रत्येकावर स्केचपेनने आकडा घातला, चिमट्यांनी अडकवले. सर येऊन गेल्यावर एकेक कागद काढून खोलीच्या ओसरीवर त्याच क्रमाने मांडला. फरशीवर हॅमॉकचा ओला-सुका नकाशाच तयार झाला.

दोन्ही टोकांच्या कागदांवर मधोमध एक अरुंद ओली रेघ होती. हे पाणी पट्ट्यांवरून आलेलं. झाडाच्या खोडावरून ओघळ उतरतो, पट्ट्याला लागतो आणि उतारावरून सरळ हॅमॉकच्या चुण्यांत शिरतो. वरचं टार्प दहा मीटरचं असतं तरी ही रेघ तशीच राहिली असती.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातले कागद लगदा झाले होते. मावळतीच्या कडेचे बाकीचे कागद ठिपक्याठिपक्यांनी भिजलेले, आणि उगवतीचे जवळजवळ कोरडे. ही झड.

मधले कागद मात्र खडखडीत होते. मग सुहासची पाठ कशाने भिजली होती? त्याने अंगाखाली रेक्झिन लावलेली फोमची चटई घेतली होती. जूनच्या दमटपणात पाठीचा घाम त्या रेक्झिनवर साचत होता. म्हणजे पाठीपुरता पाऊस निर्दोष होता.

मळ्यातले बाबा हा सगळा खटाटोप विडी ओढत बघत होते. त्यांनी आपल्या खोलीकडे बोट दाखवलं. खोलीच्या एकाच भिंतीला बाहेरून प्लॅस्टिक आणि पेंढा बांधलेला होता. "आम्ही पण चारी बाजू कुठं झाकतो साहेब? मावळतीची तेवढी झाकायची. पाऊस तिकडनंच मारतो."

झडीचा हिशेब

थोडं गणित इथे मांडतो, कारण निर्णय त्यावरच झाला. साधारण २ मिलिमीटरचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वारा तितकाच असला, म्हणजे ताशी तेवीसेक किलोमीटर, की पाऊस ४५ अंशांत तिरका होतो. जुलैत उघड्या माळावर एवढा वारा रोजचाच.

टार्प आढ्याच्या दोरीवर दुपाखी टाकलं की प्रत्येक पाखं १ मीटरचं. ४५ अंशांचा उतार धरला तर त्याची कड आढ्यापासून सुमारे ७० सेंटिमीटर खाली आणि तितकीच बाहेर येते. सुहास बसता यावं म्हणून टार्पचं आढं हॅमॉकची दोन्ही टोकं जोडणाऱ्या वरच्या दोरीपासून हातभर उंच बांधायचा. त्या दोरीची लांबी हॅमॉकच्या कापडाच्या ८३ टक्के ठेवायची पद्धत आहे, म्हणजे इथे अडीच मीटर; तेवढ्या अंतरात ३ मीटर कापडाचा झोळ सुमारे ७३ सेंटिमीटर पडतो. बेरीज केली की झोपलेला माणूस आढ्यापासून जवळजवळ ११५ ते १२० सेंटिमीटर खाली, आणि छपराची कड मात्र ७० वर संपलेली. मधल्या हातभर फटीतून ४५ अंशांचा पाऊस अर्धा मीटर आत येतो आणि थेट खांद्यावर पडतो.

पर्याय

पहिला, फुकटातला: आढं खाली आणायचं. हॅमॉकच्या दोरीपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर टार्प बांधलं की माणूस आणि टार्पची कड जवळजवळ एकाच पातळीवर येतात आणि ती फट मिटते. सुहासने हे केलं आणि कागद खरोखरच बरेच कोरडे निघाले. फक्त रात्र काढायची असेल त्याने हा लेख इथेच सोडला तरी चालेल. पट्ट्यांवरचा ओघळ खाली गळावा म्हणून त्यांना सुती नाडी बांधावी, आढं खाली घ्यावं आणि झोपावं. सुहासची तक्रार निराळी होती. मुरबाडला जुलैत पाऊस लागला की दिवसभर लागतो, आणि एवढ्या ठेंगण्या छपराखाली दिवस काढायचा म्हणजे पालथं पडून राहायचं. त्याला झोपण्याबरोबर बसायलाही जागा हवी होती, कपडे बदलायला आडोसा हवा होता.

दुसरा, टार्प कर्णावर टांगायचं. ३ × २ मीटरचा कर्ण ३.६ मीटर येतो, म्हणजे दोन्ही टोकांना ऐसपैस छप्पर. उरलेले दोन कोपरे कर्णाच्या दोन बाजूंना, एक डोक्याकडे आणि एक पायाकडे सरकलेले असतात. हॅमॉकमध्ये माणूस तिरका झोपतो, तेव्हा योग्य कर्ण निवडला तर हे कोपरे नेमके डोक्यावर आणि पायांवर येतात. चुकीचा निवडला तर नेमके नको तिथे. कल्पना सुरेख आहे आणि शांत पावसाला पुरते. पण कर्णाच्या दिशेने कापड ताणलं जातं, आढं लोंबतं, आणि वाऱ्यात दोन उघडे कोपरे राहतातच.

तिसरा, निळी ताडपत्री. जूनच्या तोंडावर जांभळी नाक्याच्या बाजारात हवी तेवढी कापून मिळते. ४ × ३ मीटरची १२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम) घेतली तर वजन दीड किलोच्या आत, आणि सुहास गाडीने जातो, त्यामुळे ओझ्याचं काही नाही. खरं सांगायचं तर वर्षातून एकदोनदा जाणाऱ्याला मी हेच सुचवेन. सुहासने नाकारली ती आवाजामुळे. ताडपत्रीवर सर कोसळली की खाली झोप लागत नाही, आणि ती ताणूनही घडीच्या जागी पोक काढते.

चौथा, नवीन मोठं टार्प. हॅमॉकसाठी म्हणून खास मिळणारं चांगलं टार्प त्याच्या आतापर्यंतच्या सगळ्या सामानाहून महाग पडत होतं.

पाचवा, आहे त्याला जोड द्यायची. अगदी तसंच आणखी एक टार्प घ्यायचं आणि त्यातून तुकडे काढायचे. एकच कापड, एकच थर, ताणही सारखा.

निर्णय

पाचवा ठरला, पण अर्ध्यावर. सुहासच्या डोक्यात दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरची झालर होती. बाबांची भिंत आणि कागदांचा नकाशा बघितल्यावर जोड एकाच बाजूला द्यायचं ठरलं: मावळतीला ६० सेंटिमीटर, उगवतीला काहीच नाही. मावळतीचं पाखं १.६ मीटरचं झालं की त्याची कड आढ्यापासून ११३ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे आढं उंच ठेवूनही झोपलेल्या माणसाइतका आडोसा मिळतो. उगवतीचं आखूड पाखं दोन काठ्यांवर उचललं की खाली पडवी तयार. दक्षिणेच्या तोंडाला, मावळतीच्या अर्ध्या भागापुरता, एक त्रिकोणी पडदा.

कडा कमानीत कापायचा आग्रह सुहासने धरला होता. आत वळलेली कड ताणली की सगळीकडे सारखी ताणते आणि फडफडत नाही, हे खरंच आहे. पण मूळ टार्पची इंचभरही कापायला मी विरोध केला. लहान टार्पला कापून सुंदर करणं परवडत नाही. तोडगा निघाला की कमान फक्त नव्या जोडाच्या खालच्या कडेला द्यायची, ३ मीटरला मधोमध १० सेंटिमीटर. ती आखायला हार्डवेअरवाल्याकडून आणलेली बारीक साखळी गच्चीच्या भिंतीवर दोन खिळ्यांना लटकवली, झोळ १० सेंटिमीटर येईपर्यंत सैल सोडली आणि खडूने तिच्या कडेने रेघ मारली. सेक्रेटरींनी भिंतीवरच्या खडूबद्दल विचारलं तेव्हा सुहासने मुलीचा प्रकल्प आहे म्हणून सांगितलं.

शिवणकाम

आधी गेलो रिक्षाचे हूड शिवणाऱ्या मास्तरांकडे. जाड कापड, पट्टे, कड्या हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी टार्प दोन बोटांत चोळून बघितलं आणि परत दिलं. "साहेब, माझी सुई रेक्झिनची आहे. ह्याची चाळण होईल. खालचे दातेच फाडतील त्याला." वर फुकटात सल्ला आणि हूडच्या पट्टीचे उरलेले तुकडेही दिले. कोपऱ्यांना धातूची आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) मारून घेऊ नका, पातळ कापडातून उपटून येतात. दुहेरी कापडाच्या ठिगळावर पट्टीचा फास शिवा, हा तो सल्ला. सुहासच्या टार्पचं एक आयलेट तसंही निम्मं उपटलेलं होतंच.

काम केलं ते बॅगांची रेनकव्हरं शिवणाऱ्या एका मावशींनी, घरच्या साध्या मशिनवर. चौदा नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, टाका जरा लांब. टाके जितके कमी तितकी भोकं कमी. त्यांनी टाचण्या बाजूला सारल्या आणि दोन्ही कापडं कपड्यांच्या चिमट्यांनी धरली. "टाचणी टोचली की तिथंपण पाणी येतं," एवढंच म्हणाल्या. जोड देताना वरचं कापड खालच्यावर चढवलं, कौलं चढवतात तसं, म्हणजे पाणी शिवणीवरून घसरून जाईल, आत शिरणार नाही. जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून दोन शिलाया मारल्या आणि दुमडीचं तोंड उताराकडे ठेवलं.

शिवणीला काय लावायचं यावर एक संध्याकाळ गेली. सुहासकडे बाथरूमच्या फरशांना लावतात त्या सिलिकॉनची ट्यूब होती. ते सिलिकॉनचा थर असलेल्या कापडाला छान धरतं. पीयूच्या थरावर नीट चिकटत नाही, वाळलं की सालपटासारखं निघतं. उरलेल्या तुकड्यावर लावून बघितलं तर नखाने सोलून आलं. मग पीयूच्या कापडासाठी मिळणारं शिवणीचं सीलर मागवलं आणि आतल्या बाजूने ब्रशने दोनदा फिरवलं.

मावळतीचं मोठं पाखं वाऱ्याने आत ढकललं जाऊन अंगाला चिकटणार हे उघड होतं. त्याला मधोमध बाहेर ओढणारी दोरी हवी, पण पाणी वाहतं त्या उताराच्या मध्यभागी सुई घालायची नव्हती. तिथे आतून एक काचेची गोटी ठेवून कापड बाहेरून गोटीभोवती गोळा केलं आणि दोरीचा फास आवळला. भोक नाही, शिवण नाही, नको तेव्हा काढता येतं.

परिणाम

जुलैतल्या पहिल्याच खऱ्या पावसात कागद पुन्हा मांडले. मावळतीचे कोरडे. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात काही शिंतोडे. टोकांच्या ओल्या रेघा नाहीशा, कारण पट्ट्यांवर टार्पच्या आतल्या बाजूला जाड सुती नाडी बांधून लोंबती सोडली होती. ओघळ नाडीपाशी येऊन खाली गळत होता. रेक्झिनची चटई जाऊन तिच्या जागी गोधडी आल्यावर पाठीची तक्रारही संपली. आणखी एक फुकटचा फरक: सुहास पाय उजवीकडे टाकून झोपायचा, ते डावीकडे टाकू लागला. उशी उत्तरेला असताना उजवीकडे म्हणजे मावळतीला, त्यामुळे पाय आपसूक नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात जात होते.

दिवसभर पडवीत बसून पुस्तक वाचता आलं, पागोळ्या समोर गळत असताना. स्टोव्ह मात्र बाबांच्या ओसरीवरच. पॉलिस्टर वितळतं, आणि हातभर अंतरावर पेटता बर्नर ठेवण्याइतकी चहाची तलफ कुणाला येऊ नये.

खुंट्यांनी त्रास दिला. टार्पबरोबर आलेल्या बारीक खुंट्या भिजलेल्या मातीतून लोण्यातून निघाव्या तशा निघाल्या. बाबांनी कोयत्याने बांबूच्या हातभर लांब खुंट्या तासून दिल्या. दोरी आणि फास यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले वेढे अडकवले, तेव्हापासून वाऱ्याचा हिसका रबर खातं, शिवण नाही.

ऑक्टोबरमध्ये मात्र हिशेब उलटला. परतीचा पाऊस दुपारनंतर घाटाकडून, म्हणजे उगवतीकडून येतो. त्या संध्याकाळी ढग माळशेजच्या बाजूला जमले आणि वारा थेट उचललेल्या पडवीत घुसला. आखूड पाखं शिडासारखं फुगलं, एक काठी आडवी झाली. टार्प उलटं फिरवावं की आखूड पाखं खाली ओढून बांधावं यावर आम्ही बोलत असताना वीज चमकली. बाबांनी हाक मारली, "आता उगवतीचा पाऊस आहे, आत या." वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर पक्क्या छपराखाली जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हा नियम आम्हालाही माहीत होता. हॅमॉक तर झाडालाच बांधलेला. सामान तसंच सोडून खोलीत गेलो. त्या रात्री टार्प किती चांगलं शिवलंय याला काही अर्थच नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

जोड कायमचा शिवण्याऐवजी काढता-घालता ठेवायला हवा होता. मूळ टार्पच्या दोन्ही लांब कडांना सारख्या अंतरावर फास आणि जोडाला लाकडी गुंड्या. वरचं कापड वीतभर चढतं ठेवलं असतं तर शिवणीशिवायही पाणी आत आलं नसतं, आणि ऑक्टोबरला जोड उगवतीला लावता आला असता. हा पर्याय शिवायच्या आधी निघाला होता. गुंड्यांच्या फटीतून वारा येईल म्हणून सुहासने तो बाजूला ठेवला. जुलैपुरतं त्याचं म्हणणं बरोबर होतं. सध्या तो संपूर्ण टार्प अर्ध्या फेरीत फिरवून टांगतो. दक्षिणेचा पडदा त्यामुळे उत्तरेला जातो, आणि घाटाकडच्या पावसाला तो तिथेही चालतो.

कागदांची चाचणी पहिल्याच मुक्कामाआधी करता आली असती, पण पाऊस हवा होता. मे महिन्यात सोसायटीच्या आवारात नळी सोडून ताडपत्री भिजवतो म्हटलं असतं, तर ऐन पाणीकपातीत कुणी ऐकून घेतलं नसतं.

आणि दुसरं टार्प विकत घेण्याची खरंच गरज होती का, यावर आमचं एकमत नाही. निम्म्याहून अधिक कापड उरलं आहे. सुहास म्हणतो त्यातून उत्तरेचाही पडदा निघेल. मला वाटतं ६० सेंटिमीटरच्या पट्टीसाठी मावशींकडच्या रेनकव्हरच्या कापडातूनच तुकडा मिळाला असता. फक्त ताण वेगळा पडून शिवण चुणली असती का, हे आधी एका हातभर नमुन्यावर बघायला लागलं असतं.

पावसाळा संपल्यावर टार्प साध्या पाण्याने धुऊन, सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवून, सुती पिशवीत सैल कोंबून कपाटात ठेवलं आहे. माळ्यावर नाही. इथल्या दमट हवेत पीयूचा थर घडी घालून बंद राहिला की वर्षादोन वर्षांत चिकट होऊन सुटायला लागतो, आणि मग कुठलंही सीलर त्याला धरत नाही.